सराव संपला म्हटल्याशिवाय

चौक गावच्या कोळीण शेवंतीने किनाऱ्यावरून हाक मारली की समुद्रात गेलेल्या बोटी अर्धं जाळं पाण्यात टाकून माघारी वळत, असं गावात सांगतात. सगळं खरं धरू नका. पण एक बोट तरी नक्की वळली होती, ती तिच्या नवऱ्याची. तो बिचारा वारला तेव्हासुद्धा शेवंतीने हाक मारायच्या आत निघून गेला, म्हणून जमलं, असं शेजारचा दशरथ म्हणतो. हे तो जाळं विणता विणता, मान खाली घालून आणि शेवंती बाजाराला गेलेली असतानाच म्हणतो.

हा आवाज समाजकार्याच्या कामी येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शेवंती बुधवारी काशीमीऱ्याच्या नाक्यावर मासळीची पाटी घेऊन बसायची. तिथे एकदा चष्मा लावलेला, काखेत फाइल धरलेला एक गृहस्थ आला. त्याने पापलेटाचा भाव विचारला, भाव ऐकून डोळे मिटले आणि अर्ध्यावर मागितला. पुढची दहा मिनिटं शेवंती बोलली. ट्रकवाल्यांनी हॉर्न थांबवून ऐकलं. तिचा श्वास संपला तेव्हा गृहस्थ शांतपणे म्हणाला, “मावशी, तुमच्या भावना मला समजतायत.”

“समजून काय करतोस? पापलेट घे!”

गृहस्थाने पापलेट घेतलंच, वर तिला नोकरी देऊ केली.

हा कौस्तुभ सर, समाजकार्य शिकवणारा. एका विद्यापीठाचा आणि काशीमीऱ्याच्या एका संस्थेचा करार झाला होता. समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींना शिष्यवृत्ती द्यायची, संस्थेत प्रत्यक्ष काम शिकवायचं, आणि बदल्यात त्यांनी पास झाल्यावर दोन वर्षं बालकल्याणाच्याच कामात काढायची. कागदावर सगळं छान होतं. गोची दारात व्हायची. वर्गात ‘समानुभूती’च्या पंधरा व्याख्या पाठ करून आलेली ही मंडळी पहिल्यांदा कुणाचं दार वाजवायची, आणि आतून “कोण?” आलं की स्वतःचं नाव विसरायची. एक जण तर “कोणी नाही” म्हणून परत आला होता.

म्हणून सरांनी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक खोटं घर मांडलं. खाट, स्टोव्ह, कॅलेंडर, कोपऱ्यात मुलाच्या चपला. घरात कुटुंब म्हणून आधी नाटकाच्या कॉलेजची पोरं आणली. ती इतकं सुरेख रडली की भेटीला आलेले विद्यार्थीही रडले आणि फॉर्म कोणीच भरला नाही. सरांना न रडणारं माणूस हवं होतं.

शेवंतीने महिन्याभरात चार भूमिका बसवल्या. पहिली भूमिका, बाटली घेतलेली आजी. बाटलीत कोकम सरबत. दुसरी, “आमचे घरान पोरच न्हाय” म्हणणारी आजी. हे म्हणताना ती त्या चपलांवरच बसायची. तिसरी, विळी घेतलेली आजी. आणि चौथी गोड आजी. चहा, बिस्कीट, पाठीवरून हात, “आमची नात म्हंजे माजा जीव हो.” सरांनी यावरून एक मार्गदर्शिकाच छापली आणि चौथ्या भूमिकेखाली ठळक अक्षरांत लिहिलं: सर्वांत गोड आजीपासून सर्वांत जास्त सावध राहावे.

त्या माडीवरून अकरा विद्यार्थी कायमचे खाली उतरले. त्यातला एक आता विमा विकतो, आणि सुखी आहे म्हणतात. पण जे टिकले ते असे टिकले, की पुढे त्यांना कुठल्याही दारात कसलीही भीती वाटली नाही.

एकच नियम होता. सुरुवातीला एका मुलीने घाबरून “बास, बास” म्हटलं, तेव्हा शेवंतीला वाटलं तेही नाटकातलंच. तिने आणखी चढवलं. मुलीला पाणी मारून उठवावं लागलं. तेव्हापासून सरांनी ठरीव शब्द करून दिले: “धन्यवाद आजी, सराव संपला.” हे शब्द आले की शेवंती बटण दाबलेल्या पंख्यासारखी मंदावत जायची, पदर नीट करायची आणि विचारायची, “चहा घेनार काय?” शब्द आले नाहीत तर छत कोसळलं तरी भूमिका सोडायची नाही. एकदा छताचं प्लास्टर खरंच कोसळलं. विद्यार्थी पळाला. शेवंती पाऊण तास प्लास्टरशी भांडत बसली होती.

आता या सगळ्यात शेवंतीचं स्वतःचं एक दुखणं होतं, आणि ते अजिबात खोटं नव्हतं. तिच्या लेकीची लेक, पिंकी, नऊ वर्षांची. लेक तापाने गेली. जावई ट्रक चालवायचा. त्याने पोरीला हायवेवरच्या एका ढाब्यात भांड्यांपाशी बसवलं, “आलोच” म्हणाला, आणि ट्रक घेऊन जो गेला तो गेलाच. पोलिसांना पोर सापडली, बालकल्याण समितीपुढे उभी राहिली, बालगृहात गेली. शेवंतीला हे कळेपर्यंत महिना उलटला होता. तिने समितीकडे ताबा मागितला. समिती म्हणाली, आमचा माणूस तुमच्या घरी भेट देईल, अहवाल लिहील, मग बघू. त्याला चार महिने झाले होते, आणि जूनच्या आत पिंकीला चौकच्या शाळेत घालायचं एवढा एकच विचार शेवंतीच्या डोक्यात होता.

“सर, माजे घरी खरा मानूस कवा येनार?” ती दर बुधवारी विचारायची.

“येईल मावशी. प्रोसेस आहे.”

दर रविवारी ती बालगृहात जायची. तिथे आजी-नात एकच खेळ खेळायच्या. पिंकी खांद्यावर टॉवेल टाकायची, तो विद्यार्थ्यांचा झोळा. बोट नाकावर चढवायची, तो चष्मा. “आजी, तुमच्या भावना मला समजतायत.” मग शेवंती तिसरी भूमिका करायची, विळीच्या जागी चमचा घेऊन. पहिल्या रविवारी बालगृहाच्या बाई धावत आल्या होत्या. पिंकी शांतपणे म्हणाली, “धन्यवाद आजी, सराव संपला,” आणि शेवंतीने बाईंना विचारलं, “चहा घेनार काय?”

मग एप्रिलमध्ये सरांना कल्पना सुचली. सरांना कल्पना सुचली की कोणाचं तरी वाटोळं ठरलेलं, हे आता काशीमीऱ्याच्या रिक्षावाल्यांनाही माहीत होतं. “मावशी, खोट्या घरात खरेपणा येत नाही. पुढच्या आठवड्यापासून विद्यार्थी थेट तुमच्या चौकच्या घरी येतील. न सांगता. तुम्ही तयार राहायचं.”

शेवंती तयार राहिली. तिने कोकम सरबताची बाटली ताकाच्या मडक्याशेजारी ठेवली.

आठवडाभराने, सकाळी अकराला, बोंबील वाळत घालताना तिला बसमधून उतरलेला एक पोरगा दिसला. तेवीसेक वर्षांचा, कपाळावर मुरूम, डोळ्यांना चष्मा, आणि खांद्याला विद्यापीठाचा तो निळा झोळा. असा झोळा सरांच्या एकूण एक विद्यार्थ्याकडे होता. समितीचा खरा माणूस कसा असेल याचं शेवंतीच्या मनात पक्कं चित्र होतं. त्याला पोट असणार, तो जीपमधून येणार आणि फाइल धरायला बरोबर शिपाई असणार. या पोराला पोट नव्हतंच. पट्टासुद्धा कसाबसा थांबला होता.

“नमस्कार आजी. मी यतीन. पिंकीच्या संदर्भात आलोय.”

शेवंतीच्या मस्तकात तिडीक गेली. सरांनी खरेपणासाठी माझ्या पोरीचं नाव घातलं? सख्ख्या नातीचं? थांब, तुझ्या विद्यार्थ्याला असा खरेपणा दाखवते की तो तुझ्या कॉलेजचं नाव पुन्हा काढणार नाही.

तिने पहिली आणि तिसरी भूमिका एकत्र केल्या. हे आजवर कुणाच्याही नशिबी आलं नव्हतं.

“कोन पिंकी?” एका हातात विळी, दुसऱ्या हातात बाटली. “तिला साळंत घालू? मंग मासली कोन साफ करनार, तुजा बापूस? बोटीवर पाठवीन तिला, बोटीवर!”

यतीन जमिनीवर मांडी घालून बसला. “तुमच्या भावना मला…”

बाटली खाली ठेवून तिने फेकलेल्या बोंबलांखाली पुढचे शब्द गेले. ओले होते, छान चिकटले. पोराने चष्म्यावरचा एक बोंबील काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, “घरात पिण्याच्या पाण्याची सोय काय आहे?”

शेवंतीला मनातून तो आवडलाच. इतका चिवट विद्यार्थी तिने पाहिला नव्हता. म्हणून तिने त्याला आणखी अर्धा तास दिला. तो चपला हातात घेऊन, पाठ न दाखवता, मागे मागे सरकत बसस्टॉपपर्यंत गेला. ठरलेले शब्द मात्र म्हणाला नाही.

विसरला मेला. आता काय करणार? नियम म्हणजे नियम. शेवंती भूमिकेतच राहिली. दुपारी दशरथ मीठ मागायला आला, त्याला विळी दाखवून परत पाठवला. पोस्टमन आला, त्याला “आमचे घरान कोनच न्हाय” असं तिने खिडकीतून स्वतःच सांगितलं. मांजर दोन तास परसात बसून होतं. दिवेलागणीला तिचा घसा बसला, तेव्हा तिने सरांना फोन लावला.

“सर, तुमचा पोरगा सबूद न बोलता गेला. अकरापासून मी भूमिकेत हाय. मना सोडवा.”

“कोणता पोरगा? मावशी, आज परीक्षा आहे. सगळे विद्यार्थी हॉलमध्ये होते.”

“यतीन. निला झोला.”

मग सर अगदी बारीक आवाजात म्हणाले, “यतीन आपल्याकडे नव्हता मावशी. तो विद्यापीठाच्या आधीच्या बॅचचा, शहरात शिकला. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे दोन आठवड्यांपूर्वी नोकरीला लागला. समितीच्या कामावर.”

शेवंती ओटीवर बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चौकला शेवंतीच्या घरातून काहीच ऐकू आलं नाही. दशरथ घाबरून मीठ द्यायला आला, मघाशी मागायला आला होता हे विसरून.

समितीपुढे तारीख लागली. अध्यक्षा उर्मिलाताई, बाजूला दोन सभासद, समोर यतीन अहवाल घेऊन. एका बाकावर शेवंती आणि कौस्तुभ सर, दुसऱ्या बाकावर बालगृहाच्या बाईंशेजारी पिंकी, दोन घट्ट वेण्या घातलेली.

यतीनने प्रामाणिकपणे वाचलं. “घरात मद्यसदृश लाल द्रव आढळला. आजींनी मुलीस शाळेऐवजी बोटीवर पाठवण्याचा मानस व्यक्त केला. अहवाल लिहिणाऱ्यावर ओले बोंबील फेकण्यात आले, संख्या अंदाजे सहा.”

“आठ,” शेवंती म्हणाली. खोटं तिला खपत नसे.

सर उठले. त्यांनी करार सांगितला, खोटं घर सांगितलं, चार भूमिका सांगितल्या. पुरावा म्हणून मार्गदर्शिका आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय पुढे केले. उर्मिलाताईंनी चष्मा लावून वाचलं: “‘आजी अभिनय करतात असं क्षणभरही वाटत नाही.’ ‘अगदी खरं.’ आणि हे तुमच्याच हातचं ना सर? ‘शेवंती मावशींना मी भूमिका शिकवल्या नाहीत, त्या त्यांच्यात होत्याच.’”

सर बसले.

“बरं आजी,” उर्मिलाताई म्हणाल्या, “तुम्ही बोला. नाटक नको. तुम्ही जशा आहात तशा बोला.”

शेवंतीने पदर खांद्यावरून घेतला. आवाज इतका खाली आणला की चौकमध्ये कुणी ओळखला नसता. “मॅडम, पिंकी म्हंजे माजा जीव हाय. तिला मी साळंत घालीन. तिला उपाशी न्हाय ठेवनार.” बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. खरेच भरून आले.

यतीन खाकरला. त्याच्या हातात सरांनी दिलेली मार्गदर्शिका होती. “माफ करा मॅडम, पण हे पान बाविसावर आहे. भूमिका चार. वाक्यही तेच आहे. ‘म्हंजे माजा जीव.’ खाली लिहिलंय, सर्वांत जास्त सावध राहावे.”

दोन्ही सभासदांनी पान बावीस बघितलं. सरांनी छताकडे बघितलं. सरांच्या आयुष्यात त्यांचं पुस्तक एवढ्या लक्षपूर्वक पहिल्यांदाच वाचलं जात होतं.

मग शेवंतीचा तोल गेला. “मंग मी बोलू तरी कशी? ओरडली तर तीन नंबर, रडली तर चार नंबर! माजे तोंडाला नंबर टाकलाय यांनी! अरे, माजी पोर हाय ती, तुमचे पुस्तकातली न्हाय!” खिडकीच्या काचा थरथरल्या. खालच्या मजल्यावरच्या लोकांना भूकंप वाटून त्यातले चार जण मैदानात गेले. एक सभासद टेबलाखाली पेन शोधायला वाकला तो वर आलाच नाही.

“ही तिसरी,” यतीन पुटपुटला. “विळी सोडून.”

तेवढ्यात पिंकी बाकावरून उतरली. बालगृहाच्या बाईंनी तिचा हात धरला, तो तिने सोडवला. मधोमध येऊन ती उभी राहिली आणि रविवारच्या आवाजात म्हणाली, “धन्यवाद आजी, सराव संपला.”

शेवंती मंदावली. खांदे खाली आले, आवाज विझला. तिने पदर नीट केला आणि सवयीने समितीला विचारलं, “चहा घेनार काय?”

टेबलाखालचा सभासद हो म्हणाला.

आणि मग शेवंतीची नजर समोर उभ्या असलेल्या पिंकीच्या भांगावर गेली. तिने पोरीला खसकन ओढून दोन गुडघ्यांत धरलं, वेणीचं रबर काढून मनगटात अडकवलं आणि केस पिंजले. “ही काय गो? डोसक्यान बाजार भरलाय काय? रविवारला दोन उवा हुत्या, आज गनपतीची मिरवनूक! हल नको. हलू नको बोलली ना. मान वाकड. बाई, हिला फनी कोन करतं? तेल कवा लावलं? ही बघ, ही बघ गाभन हाय…” दोन नखांमध्ये टक्कन आवाज झाला. पुन्हा झाला. पिंकी “आई गं” म्हणत होती, पण मान तिने अचूक वाकडी धरली होती. समिती, अहवाल, ताबा, सगळं खोलीतून निघून गेलं होतं. खिडकीचा उजेड नीट पडावा म्हणून शेवंतीने अध्यक्षाबाईंना हाताने जरा बाजूला सरायला सांगितलं, आणि उर्मिलाताई सरल्या.

पाच मिनिटं तसंच चाललं. मग उर्मिलाताईंनी हळूच विचारलं, “सर, ही कितवी भूमिका?”

सरांनी मार्गदर्शिका मागितली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. परिशिष्टही बघितलं.

“ही आमच्याकडे नाही, मॅडम.”

उर्मिलाताईंनी पिंकीला विचारलं, “तुला कुठे राहायचंय?”

“आजीकडे,” पिंकी गुडघ्यांतून म्हणाली. “पण मग मी आजी होणार आणि ती झोळेवाली. विळी माझ्याकडे.”

“विळी नाही,” उर्मिलाताई म्हणाल्या, आणि तसं त्यांनी आदेशातही लिहून घेतलं. पहिला अहवाल बाजूला ठेवायचा, यतीननेच आठ दिवसांत पुन्हा भेट द्यायची, आणि दारातच स्पष्ट सांगायचं की हा सराव नाही.

यतीन सातव्या दिवशी आला. या वेळी जुना रेनकोट घालून, मे महिन्यात. झोळा त्याने घरी ठेवला होता, फाइल पोटाशी धरली होती. अंगणाच्या कडेला थांबून तो मोठ्याने म्हणाला, “आजी, हा सराव नाही.”

“कशावरनं?” आतून आवाज आला.

यतीनला याचं उत्तर शिष्यवृत्तीच्या दोन्ही वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. तो उन्हात रेनकोटमध्ये घामाघूम उभा राहिला. शेवटी दशरथ जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, “शेवंते, खराच हाय गो. खोटा असता तर परत आला असता काय?”

हे शेवंतीला पटलं. तिने त्याला आत घेतलं, रेनकोट दोरीवर टाकला, आणि त्याने जे जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. पाणी नळाला एक दिवसाआड येतं. संडासाच्या दाराला कडी नाही, आत बसणाऱ्याने गाणं म्हणायचं. शाळा वळणापलीकडे, मास्तरांना भेटून ठेवलंय, बाकही बघून ठेवलाय. लाल बाटलीतलं त्याने चाखून पाहिलं आणि अहवालात ‘कोकम, साखर कमी’ असं लिहिलं.

“मुलीला मारता का?”

“मना आवाज हाय ना. मारायची पाली आली न्हाय कवा.”

दशरथने बाहेरून दुजोरा दिला.

निघताना यतीनने वाकून नमस्कार केला. शिकलेल्या माणसाची सवय. दारात पाऊल ठेवताना तोंडातून आपसूक निघालं, “धन्यवाद आजी…”

शेवंतीने झटक्यात त्याच्या तोंडावर हात ठेवला. हाताला बोंबलाचा वास होता.

“म्होरचं बोलू नको हां,” ती म्हणाली. “सात दिवस शांत धरून ठेवलीय मी सवताला, पोर येईस्तोवर तसंच ऱ्हाऊंदे.”

यतीनने पुढचं गिळलं, रेनकोट विसरला, आणि बस पकडली.

पिंकी मेच्या शेवटच्या आठवड्यात आली. एक पत्र्याची पेटी, एक फणी, आणि खांद्यावर टॉवेल. संध्याकाळी दशरथच्या बोटीला उशीर झाला म्हणून आजी-नात किनाऱ्यावर गेल्या आणि दोघींनी मिळून हाक मारली. बोटी आल्या. दशरथची आली, शेजाऱ्यांची आली, आणि दोन अशाही आल्या की ज्या कुणाच्या, कुठल्या बंदरातल्या, ते अजून कोणाला कळलेलं नाही. त्यांचे खलाशी गप गुमान उतरले, शेवंतीने विचारलं म्हणून चहा प्यायले, आणि पिंकीने “सराव संपला” म्हटल्यावर परत गेले.